मापाडीतात्या आणि सात मतं

मापाडीतात्यांना मी कधी 'एक' म्हणताना ऐकलं नाही. खळ्यावर धान्य मोजणारे मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. रास वाढती राहावी म्हणून. मग दोन, तीन, चार. ही रीत सगळ्याच मापाड्यांची होती. पण बाकीचे मापाडी खळ्यावरून उठले की आपल्यासारखं एक-दोन करायला लागत. तात्यांना ते कधी जमलं नाही. बैल, भाकरी, देवळाच्या पायऱ्या, लग्नातल्या पंगती, सगळं ते लाभापासून मोजायचे, आणि तेही मोठ्याने. "मनात मोजलेलं चोराचं," असं म्हणायचे. "मापाड्यानं तोंडानं मोजावं. देनाऱ्यानं ऐकावं, घेनाऱ्यानंबी ऐकावं."

हे वाक्य आधीच सांगून ठेवतो, कारण आमचं बिनसलं ते याच वाक्यावरून.

आमची वाडी तळवड्याजवळ. आज तिथे काचेच्या इमारती आहेत आणि सकाळी गाड्यांची रांग लागते. त्या काळी पंचवीस-तीस उंबरे होते, बाजरीची शेतं होती आणि एक ओढा होता. ओढ्यापलीकडे मोठं गाव. त्याला नावाने कोणी हाक मारत नसे, पल्याड म्हणायचं की झालं. आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंत, मारुतीच्या देवळाच्या पडवीत भरायची. पाचवी ते सातवी पल्याडला. पावसाळ्यात ओढा भरला की मुलगे कसेबसे जात, मुलींना कोणी पाठवतच नसे. म्हणजे वाडीतली मुलगी चौथी पास झाली की तिची शाळा संपली. मुलगेही बहुतेक तिथेच संपायचे. मीही तिथेच संपलो.

संपलो म्हणजे बसून राहिलो नाही. वडील लवकर गेले होते. मी चाकणच्या बैलबाजारात शिरलो आणि विशीच्या आत दलाल झालो. आज माझं विटा-वाळूचं दुकान आहे, दोन गाळे आहेत, ते सगळं त्या बाजाराच्या जोरावर. बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत बोटांनी भाव सांगायचा. भोवती वीस माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. ज्याला परवडत नाही तो हात सोडतो, आणि त्यात कोणाचाही अपमान होत नाही. मला ही पद्धत फार पटली होती. जगातलं कुठलंही काम रुमालाखाली नीट होतं, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही थोडंफार वाटतं.

तात्यांचा धंदा याच्या नेमका उलटा. ते चाकणच्या बाजारात धान्याच्या राशीपुढे मांडी घालून बसत, पायली भरत, मापावर आलेली शीग हाताने सारखी करत आणि पुढचं माप भरेपर्यंत चालू आकडा म्हणत राहत. "लाभ, लाभ, लाभ… दोन, दोन, दोन…" त्यांचा आवाज पार बैलबाजारात ऐकू यायचा. पन्नाशीचे, काटक, कानात भिकबाळी नाही की बोटात अंगठी नाही. वाडीला परतताना आम्ही बरोबर चालत यायचो. मी दिवसभरातल्या सौद्यांच्या गोष्टी सांगायचो, ते ऐकायचे आणि शेवटी एवढंच म्हणायचे, "तुझ्या धंद्यात आवाजच न्हाई गड्या. मला झोप येईल."

तात्या निवडणुकीला उभे राहिले ते त्यांच्या आवाजामुळेच. झालं असं, की शाळा तपासायला दिपोटी यायचे होते. शाळा तपासणाऱ्या साहेबाला तेव्हा सगळे दिपोटीच म्हणत. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला होता. त्यामुळे हजेरीपटावर नावं भरपूर आणि पडवीत पोरं थोडी, अशी सगळीकडेच स्थिती होती. दिपोटी येण्याच्या दिवशी शेजारच्या वस्त्यांवरून पोरं उसनी आणून बसवायची ठरलेली रीत. साहेबालाही ते ठाऊक असे. त्या दिवशी तात्या देवळात नारळ फोडायला आले होते. साहेबाने पटावरचा आकडा वाचला, एकेचाळीस. तात्यांनी सवयीने मोजायला सुरुवात केली. पहिल्या पोराच्या डोक्यावर हात, लाभ. दुसऱ्याच्या, दोन. सगळी पडवी मोजून झाल्यावर म्हणाले, "सायेब, तेहतीस. त्यातली अकरा पल्याडची. ह्यो तर माझ्या भाच्याचा पोरगा, चिखलीला असतो, कालच पाहुना आलाय."

साहेब हसले. म्हणाले, "मापाडी, तुम्ही स्कूल बोर्डावर या. आमचं काम हलकं होईल."

साहेबाने थट्टा केली होती. तात्यांनी ती खरी धरली.

स्कूल बोर्डावर जायचं तर आधी लोकल बोर्डावर निवडून यावं लागे. शाळा कुठे काढायची, वर्ग कुठे वाढवायचा, मास्तर कुठून कुठे बदलायचा, हे सगळं बोर्डाच्या हातात. लोकांना त्यातलं फक्त बदलीचं कळायचं. उमेदवार दारात आला की पहिला प्रश्न ठरलेला असे, आमच्या अमक्याला गावाजवळ आणाल का. तात्यांच्या समोर पुण्याकडचे एक जीपवाले उमेदवार होते. ते सगळ्यांना हो म्हणत. तात्या अर्ज भरून आले आणि थेट माझ्या घरी आले.

"तू बोलन्यात हुशार हायेस," म्हणाले. "माझ्यासंगं गावं फिर. निवडून आलो तर पहिली पाचवी आपल्या वाडीला. हौसीला पल्याड जायची पाळी येनार न्हाई."

हौसा माझी धाकटी बहीण. त्या वर्षी चौथीत होती. मला चार ओळींचं पत्र लिहायला घाम फुटायचा. ती बैलांच्या दाखल्यांवरची मोडी सोडून सगळं वाचून दाखवायची. दाखल्यावर बैलाचं वय चुकीचं लिहिलेलं तिने दोनदा पकडून दिलं होतं. आई म्हणायची, पोरीच्या जातीला एवढं पुरे. मी म्हणायचो, पाचवी दारात आली तर बघू. दारात आली तर. म्हणून मी तात्यांच्या मागे गेलो. समाजसेवा वगैरे माझ्या मनात काही नव्हतं.

तात्यांना तराजू हे चिन्ह हवं होतं, ते दुसऱ्याच कोणी आधी घेतलं. यांच्या मतपेटीवर कंदील आला. आमच्याजवळ जीप नव्हती. सुगीचे दिवस होते, त्यामुळे आम्ही खळ्याखळ्यांवर जायचो. तात्या आधी मापाला बसायचे, रास मोजून द्यायचे आणि मग बोलायचे. एवढं चांगलं व्यासपीठ जीपवाल्यालाही मिळालं नसेल, कारण आपली रास मोजून होईपर्यंत शेतकरी जागचा हलत नाही.

ते बोलायचे ते साधंच. तेव्हा शाळांत टकळीवर सूत कातायचा तास सक्तीचा झाला होता. तात्या म्हणायचे, "सूत कातायला माझी ना न्हाई. पन तासभर टकळी आन् पाव तास पाढे, हे माप उलटं झालं. घरी पोरगं गुरं राखतंय, शेन काढतंय, पानी शेंदतंय. हाताचं काम त्याला आमी शिकवतो. शाळंनं आमाला येत न्हाई ते शिकवावं." दुसरं म्हणणं वेळेचं. सुगीत शाळा सकाळची करा, ऊन व्हायच्या आत सोडा, मग पोरं खळ्यावरही येतील आणि पटावरही राहतील. "कायदा पुन्याला झाला, पन बाजरी इथं पिकती. बाजरीला कायदा वाचता येत न्हाई." लोक हसायचे. तात्या हसत नसत. ते थट्टा म्हणून बोललेलेच नसत.

पण त्यांचा खरा जीव होता इंग्रजीत. सरकारने इंग्रजी आठवीपासून ठेवलं होतं. खेड्यातलं पोर सातवीला संपायचं, म्हणजे त्याने एबीसीडी बघायचीच नाही. ह्याच सुमारास पिंपरीकडे पहिली मोठी कंपनी उभी राहत होती. तात्या एकदा मुद्दाम पायी जाऊन बघून आले आणि पुढे प्रत्येक खळ्यावर ते सांगायचे. "पायाचे खड्डे खनायला चाळीस मानूस. समदे आपल्या बाजूचे, नावानं वळखतो. कागद धरून उभे व्हते तिघं. त्यांच्यात आपला कुनी न्हाई. जमीन आपली, खड्डा आपला, कागद दुसऱ्याचा. असं का?" मग कोणी म्हणायचं, अहो तात्या, इंग्रजी तर शहरातल्या पोरांनाही आठवीपासूनच. त्यावर त्यांचं उत्तर तयार असे. "व्हय ना. सर्कारनं समद्यांची विहीर सारखी बुजवली. पन ज्याच्या घरात आड हाय त्याला काय फरक? शहरात शिकवन्या हायेत. आपल्याकडं आड कुठं हाय?"

मी आजवर बरेच पुढारी ऐकले. शिक्षणावर इतकं नेमकं बोललेला माणूस मला दुसरा भेटला नाही. आणि हा माणूस स्वतः अक्षराला अक्षर जोडून वाचायचा. म्हणायचा, "मला वाचता येतं, पन पुढचं अक्षर येईतो मागलं निघून जातं."

आता सौद्याचं सांगतो.

आठ-दहा दिवस फिरल्यावर मी मनात हिशेब केला. वाडी आमची, आसपासच्या वस्त्या बऱ्यापैकी आमच्या. जीपवाल्याचं मोठ्या गावांत वजन. दोन्ही पारडी सारखी होती आणि काटा पल्याडवर होता. पल्याडचे पाटील सांगतील तिकडे निम्मं गाव जायचं. मी एका सकाळी तात्यांना न सांगता पाटलांच्या ओसरीवर गेलो. पाटील मला बैलांमुळे ओळखत होते. चहा झाला. त्यांची एकच मागणी होती. पल्याडच्या शाळेतले मास्तर त्यांना नको होते. हे मास्तर महारवाड्यातल्या पोरांना बाहेर न बसवता सगळ्यांच्या ओळीत बसवायचे, नावं वाचायच्या क्रमाने. पाटलांचा नातू आणि त्यांच्या घरी वर्दी देणाऱ्या महाराचा मुलगा मांडीला मांडी लावून बसत होते. शिवाय पाटलांचा एक भाचा मास्तर होऊन लांब कुठेतरी पडला होता. "त्या मास्तरला हलवा, माझ्या भाच्याला आना. गाव तुमचं," पाटील म्हणाले.

मी खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्यांच्या हातावर टाकला. पाटील हसले, पण त्यांनी बोट दाबलं. सौदा झाला.

माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं ते सांगून टाकतो. बदली म्हणजे फाशी नव्हे. मास्तर दुसऱ्या गावी गेले असते, तिथेही त्यांनी पोरं ओळीत बसवली असती. इकडे आमची पाचवी आली असती. मी दोन्ही बाजूंचा फायदा बघितला होता. दलालाचं कामच ते.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी पल्याडच्या चावडीपुढे आमची शेवटची सभा होती. ओढा उतरताना मी तात्यांना ही बातमी दिली. वाटलं होतं, पाठ थोपटतील. ते पाण्यात मधेच थांबले.

"कुनाच्या नावावर सौदा केलास?"

"तुमच्या."

"मला इचारलंस?"

"तात्या, निवडून आल्यावर विचारायला वेळ आहे. आधी निवडून तर या. आणि हौसाची पाचवी कोणाच्या नावावर आणणार आहात?"

त्यांनी धोतराचा सोगा वर खोचला. मग म्हणाले, "त्या मास्तरला घालवून पाचवी आनायची. आन् त्या पाचवीत पोरांनी काय शिकायचं?"

"वाचायला," मी म्हटलं.

ते ओढा उतरून पुढे चालू लागले. मला वाटलं, गळी उतरलं.

सभेला गर्दी होती. पाटील पुढे बाजेवर, मास्तर मागे खांबाला टेकून उभे. तात्या नेहमीसारखं टकळी आणि इंग्रजीवर बोलतील म्हणून मी निवांत बसलो होतो. तात्या उभे राहिले आणि त्यांनी सुरुवातच अशी केली:

"मंडळी, तुमच्या-आमच्यात आज सकाळी सौदा झालाय. रुमालाखाली झालाय म्हनून तुमाला दिसला न्हाई. मी मापाडी, मला झाकलेलं मोजता येत न्हाई. तवा मोठ्यानं सांगतो. तुमची मतं मला, आन् बदल्यात ह्या मास्तरची बदली. का, तर त्यांनी पोरं सारखी बसवली. मी आजवर लाखो मापं भरली. मूठभर दाने वर आले तर हातानं सारखं करतो. तो मास्तर तेच करतोय. त्याला मी घालवनार न्हाई. आता मत द्यायचं का न्हाई, तुमी ठरवा."

पाटील उठून निघून गेले. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "दलाल, रुमाल गोळा करा." सगळे हसले. मला ते हसणं आजही ऐकू येतं. माझ्या धंद्यात सौदा मोडणं चालतं, पण मोडलेला सौदा चारचौघांत सांगणं चालत नाही. त्यानंतर किती तरी दिवस बैलबाजारात कोणी माझ्या हातावर रुमाल टाकला की शेजारचा म्हणायचा, "जपून राव, हा सौदा चावडीवर वाचून दाखवतील."

तात्या सात मतांनी पडले.

सात. पल्याडच्या एका आळीत सातापेक्षा जास्त घरं होती. निकालाच्या दिवशी तात्या माझ्याकडे आले, दारात उभे राहिले. मी त्यांना आत या म्हटलं नाही. मी खूप बोललो. मला रागात थांबता येत नाही, हे माझ्या दुकानातले हमालही सांगतील. मी म्हटलं, "तुमचा खरेपणा तुम्हाला लखलाभ. त्याची किंमत माझी बहीण देणार आहे." आई आतून म्हणाली, किसन, पुरे कर. मी केलं नाही. म्हटलं, "परत या दारात पाय ठेवू नका."

तात्या एवढंच म्हणाले, "बरं." आणि गेले.

जीपवाले निवडून आले. मास्तरांची बदली मात्र झाली नाही. गोष्ट इतकी जाहीर झाली होती, की आता ती करायला कोणाला तोंड नव्हतं. वाडीची पाचवी त्या वेळी आली नाही ती नाहीच. पुढे बऱ्याच वर्षांनी आली.

जून महिन्यात शाळा उघडल्या. पहिल्याच सकाळी बाहेर बोलणं ऐकू आलं म्हणून मी उठून पाहिलं. तात्या आमच्या कुंपणाबाहेर रस्त्यावर उभे होते. आत आले नाहीत. मी नको म्हटलं होतं ना, मग ते कसले येतात.

"किसन," ते म्हणाले, "मी पोरांना ओढ्यातनं पल्याड नेतोय. सकाळी नेनार, दुपारी आननार. पानी चढलं तर वरल्या अंगानं नेईन. मास्तरशी बोलनं झालंय, पोरी पुढं बसवतो म्हनला. शाळा सुटल्यावर घटकाभर इंग्रजी अक्षरंबी काढून देनार हाय. सर्कारनं सांगितलं न्हाई, पन मनाईबी केली न्हाई. हौसीला धाड."

"आणि तुमचा बाजार?"

"बाजार आठवड्यातनं लाभ दिवस. त्या दिवशी म्हातारी नेईल." म्हातारी म्हणजे त्यांची बायको.

माझ्या मागे दारात हौसा उभी होती. तिने केस विंचरले होते. पाटी तिच्या हातात होती, म्हणजे तिला आधीच माहीत असणार. आईलाही माहीत असणार. सगळ्यांनी मिळून माझ्या पाठीमागे ठरवलं, असं माझ्या डोक्यात गेलं. मी म्हटलं, "आमची मुलगी ओढ्यात घालायला नाही. पाचवी दारात आणतो म्हणाला होतात. आणा, मग पाठवतो."

हौसा आत गेली. पाटी ठेवल्याचा आवाज आला.

मग तात्या पुढच्या घरी गेले. ते गेनूचं घर. गेनूची शेवंता बाहेर तयार उभी होती. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दोन." त्याच्या पुढच्या घरातला पोरगा, तीन. अशी त्यांनी सहा पोरं गोळा केली आणि मोजणी सातावर नेली. ओढ्याच्या अलीकडे पुन्हा मोजली, पलीकडे पुन्हा. आवाज मोठा, सगळं मला अंगणात ऐकू येत होतं. दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.

पहिल्या दिवशी वाटलं, म्हाताऱ्याचं चुकलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. आमच्या कुंपणाशी यायचे, घटकाभर थांबायचे, काही बोलायचे नाहीत, मग गेनूच्या दारात जाऊन दोनपासून सुरुवात. पाऊस असो, चिखल असो, त्यात फरक नाही. हौसा त्या वेळी अंगण झाडत असायची. झाडून झालं तरी झाडत असायची.

मला तो टोमणा वाटला. सगळ्या वाडीला ऐकवत हा माणूस रोज माझ्या दारात मला चिमटा काढतोय, असं वाटायचं. महिन्याभराने मी रस्त्यात त्यांना अडवलं.

"तात्या, पोरं सहा आहेत. तुम्ही सात मोजता. मापात पाप व्हायला लागलं तुमच्या."

मापाड्याला यापेक्षा वाईट शिवी नाही. मी जाणूनबुजून दिली होती.

"माप बरोबर हाय," ते म्हणाले. आणि पोरांना घेऊन गेले.

असं दीड वर्ष चाललं. मधे कोणाकोणाकडून मी ऐकायचो. शेवंता एबीसीडी म्हणते. त्या सहांतला म्हसोबाच्या वस्तीवरचा पोरगा नकाशा काढतो. पुढे तो पोरगा कंपनीत नकाशे काढायलाच लागला, खड्डे खणायला नाही. आणि शेवंता आमच्या वाडीला पाचवी आली तेव्हा त्या वर्गाची मास्तरीण झाली. मी हे सगळं बघितलं आहे, आणि त्यातलं काही कमी करून सांगत नाही. पल्याडचे मास्तर त्यानंतर कितीतरी वर्षं तिथेच होते. पाटलांचा नातू त्यांच्याच हाताखाली सातवी पास झाला, त्याच ओळीत बसून.

तात्यांचा धंदा मात्र बसला. किलोची मापं आली, काटे आले. पायलीवाला मापाडी कोणाला नको झाला. काट्यावर बसा म्हटलं तर म्हणाले, "काट्याला तोंड न्हाई, मी त्याच्यापुढं काय बोलू?" त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी भेटायला गेलो होतो. तोवर आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, जुजबी, पाऊसपाण्याचं. सात मतांचा विषय मी काढला. मला राहवलं नाही. ते म्हणाले, "आठ घालवली. तुझं धरून." मी म्हटलं, मी तर तुम्हालाच दिलं होतं. म्हणाले, "ठावं हाय. तरी गेलं ना." त्यानंतर आठवड्याने ते वारले. तेराव्याला मी होतो. पंगत मोजायला कोणी नव्हतं.

हौसाचं लग्न मी त्या दीड वर्षाच्या शेवटी केलं. स्थळ चाकणच्या अंगाचं, माणसं चांगली, बैल चांगले. मीच ठरवलं आणि चांगलं ठरवलं, तिने आजवर कधी गाऱ्हाणं केलं नाही. अजून माहेरी आली की माझ्या दुकानात बसते, पाट्या वाचते, वाचून झाल्या की परत वाचते. लग्नाला तात्या आले होते. मांडवाच्या कडेला उभे राहिले, अक्षता टाकल्या. ती पाया पडली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोंडाने काही बोलले नाहीत. तात्यांना गप्प राहून हात ठेवताना मी तेवढं एकदाच बघितलं.

लग्न शनिवारी झालं. सोमवारी सकाळी मी अंगणात राखुंडीने दात घासत होतो. अंगण झाडलेलं नव्हतं. तात्या नेहमीच्या वेळेला वरून आले. मला वाटलं, थांबतील, आणि थांबले तर काहीतरी बोलावं असं माझ्या मनात होतं. काय ते ठरलं नव्हतं.

ते थांबले नाहीत. आमच्या कुंपणावरून सरळ पुढे गेले. शेवंता दारात उभी होती. तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

"लाभ," ते म्हणाले.

पुढच्या घरी दोन. त्याच्या पुढच्या घरी तीन. मी तोंडात राखुंडी धरून ऐकत राहिलो. ओढ्याच्या अलीकडे त्यांनी पोरं पुन्हा मोजली, मग पलीकडे. सहा पोरं होती आणि त्या दिवशी मोजणीही सहाच भरली.